रिस्टोअर करत असलेल्या जुन्या पिकअपचं इंजिन तापतंय, कारण सापडत नाहीये

निळी_पिकअप

नमस्कार मंडळी, बराच काळ वाचनमात्र होते, आता खरंच अडलंय म्हणून धागा काढतेय. १९५० च्या सुमाराची पिकअप आहे, सहा सिलिंडरचं साइड व्हॉल्व्ह पेट्रोल इंजिन (व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या शेजारी), सहा व्होल्टची वायरिंग, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला). इंजिन पूर्ण उघडून केलंय, म्हणजे बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह सीट कापून घेतल्या, ब्लॉक मशीन शॉपमध्ये केमिकलच्या टाकीत बुडवून धुतला. बॉडीचं काम बाकी आहे पण चेसिसवर केबिन बसवून चालवून बघतेय आणि तिथेच घोडं अडलंय.

लक्षण असं की उभ्या गाडीत इंजिन कितीही वेळ चालू ठेवा, काटा ७५ च्या आसपास स्थिर. हळू हळू फिरवली तरी ठीक. पण मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या स्पीडला सलग चालवली की काही वेळाने काटा ९० ओलांडतो आणि मग थांबतच नाही, १०० च्या वर जातो आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी आणि वाफ एकत्र बाहेर. चढ लागला तर अजून लवकर. बंद केल्यावर इंजिनच्या आतून गुडगुड आवाज येत राहतो.

आत्तापर्यंत केलेलं: रेडिएटरच्या टाक्या काढून रॉडिंग (नळ्यांतून सळई फिरवून सफाई) करून घेतलं, थर्मोस्टॅट नवा (७१ अंशाचा, भांड्यात पाणी तापवून उघडतोय का ते बघूनच बसवला), कॅप नवी चार पीएसआयची, बेल्ट नवा, होज नवे, वॉटर पंप रिबिल्ड. आता जो तो म्हणतोय मोठा रेडिएटर टाक, इलेक्ट्रिक फॅन टाक. मला मूळचाच ठेवायचाय. हे इंजिन याच रेडिएटरवर त्या काळी भरलेला माल घेऊन चालत होतं, मग आता रिकाम्या गाडीला तो कमी का पडावा?

काळं_ऑइल

थर्मोस्टॅट काढून फेकून द्या. जुन्या इंजिनांना त्याची गरजच नसते, आमच्याकडे कुठल्याच जुन्या गाडीत ठेवत नाहीत.

वाफारा

काळं_ऑइल, इथे असहमत. ज्या इंजिनात बायपासवाला थर्मोस्टॅट असतो तिथे गरम झाल्यावर तो रेडिएटरचा रस्ता उघडतो आणि त्याच वेळी बायपासचा बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा, म्हणजे थोडं पाणी रेडिएटरकडे न जाताच परत पंपात. काढून गाडी जास्त तापली असं जे लोक सांगतात त्यात बरेचदा हेच असतं. "पाणी इतकं जोरात फिरतं की रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळच मिळत नाही" असंही लोक सांगतात, ते मात्र चूक आहे, फ्लो वाढला की उष्णता जास्तच निघते, कमी नाही.

निळी_पिकअप, तुमचा शेवटचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि तो सोडू नका. मोठा रेडिएटर टाकला तर काटा कदाचित दहा अंश खाली येईल, पण जे बिघडलंय ते आत तसंच राहील आणि इंजिन खाईल. आधी दोन गोष्टी सांगा. एक, काटा खरं बोलतोय का. दोन, पाणी बाहेर येतं ते नेमकं किती. जुन्या सिस्टीममध्ये वेगळी बाटली नसते त्यामुळे वरची टाकी काठोकाठ भरली तर पाणी फुगून जादाचं बाहेर टाकतं आणि स्वतःची लेव्हल ठरवून घेतं, त्याला तापणं म्हणत नाहीत. चार पीएसआयच्या कॅपला साधं पाणी साधारण १०७ अंशाला उकळतं.

दहा_बाराचा_पाना

गेज तपासायला: तुमच्या काळातल्या गाडीत बहुतेक केशनळीवालं मेकॅनिकल गेज असेल. बल्ब काढून उकळत्या पाण्यात बुडवा आणि काटा कुठे जातो बघा. उंचावर राहत असाल तर पाणी १०० च्या आधीच उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी, ते धरून चला. आणि ती नळी हाताळताना जपा, आत ईथर असतं, नळी मोडली की गेज गेलं.

दुसरं, इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. पण त्याने चकचकीत पितळेवर किंवा धुतलेल्या ॲल्युमिनियमवर रीडिंग घेऊ नका, खूप कमी दाखवतो. जिथे मोजायचं तिथे काळ्या मॅट रंगाचा एक ठिपका मारून ठेवा आणि दर वेळी त्याच ठिपक्यावर मोजा.

मंदगती

उभी असताना ठीक आणि पळताना तापते, यातच अर्धं उत्तर आहे. उलट असतं तर मी हवेकडे बघितलं असतं, म्हणजे फॅन उलटा बसलाय का, श्राउड (फॅनभोवतीचं आवरण) आहे का, बेल्ट सरकतोय का, कारण उभ्या गाडीत हवा फक्त फॅनच ओढतो. पळताना हवा आपोआप मिळते, तरी तापतेय म्हणजे एकतर इंजिन गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय किंवा पाणी जिथे पोचायला हवं तिथे पोचत नाहीये.

उष्णता जास्त तयार व्हायची कारणं बघायची तर पहिलं इग्निशन टायमिंग. स्पार्क उशिरा पडला की जळण एक्झॉस्टच्या स्ट्रोकपर्यंत चालू राहतं आणि ती आग एक्झॉस्ट पोर्टमधून जाते. साइड व्हॉल्व्ह इंजिनात एक्झॉस्ट पोर्ट ब्लॉकच्या आतच, पाण्याने वेढलेला, म्हणजे ती सगळी उष्णता थेट तुमच्या पाण्यात. फोर्डचा फ्लॅटहेड, म्हणजे साइड व्हॉल्व्हच, व्ही-८ (१९३२ ते १९५३) तापण्यासाठी बदनाम झाला त्याचं मोठं कारण हेच, एक्झॉस्टचे रस्ते ब्लॉकमधून आरपार काढलेले आणि मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच पोर्ट. तर, आयडलला टायमिंग बरोबर आहे एवढ्यावर थांबू नका, रेस केल्यावर ॲडव्हान्स होतोय का, म्हणजे स्पार्क लवकर पडायला लागतो का, ते टायमिंग लाइटने बघा. डिस्ट्रिब्युटरमधली वजनं जुन्या ग्रीसने घट्ट झालेली असतात. व्हॅक्यूम ॲडव्हान्स असेल तर त्याच्या नळीतून तोंडाने ओढून बघा, पडदा फाटला असेल तर हवा येत राहील. हा पडदा नेमका मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या स्पीडला काम करतो, म्हणून विचारतोय.

सहा व्होल्ट आणि पॉझिटिव्ह अर्थ असल्यामुळे लाइटला वेगळी बारा व्होल्टची बॅटरी द्या, गाडीच्या बॅटरीला लावू नका.

गॅस्केट

ब्रेक! रिस्टोरेशनमध्ये नवे लायनर बसवले की ड्रमला घासत राहतात, इंजिन दोन-तीन ब्रेक ओढत चालतं आणि लोक रेडिएटर बदलत बसतात. फिरवून आणल्यावर चारही ड्रमला हात लावून बघा. आणि सायलेन्सर. व्हॅक्यूम गेज लावून एकसारखं रेस धरा, काटा हळूहळू खाली उतरत गेला तर एक्झॉस्ट चोक आहे. मॅनिफोल्डमधला हीट व्हॉल्व्ह गंजून बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो.

निळी_पिकअप

सगळ्यांचे मनापासून आभार, एकेक करून सांगते.

गेज खरं बोलतंय, उकळत्या पाण्यात काटा १०० च्या एक केस अलीकडे. ड्रम चारही थंड. व्हॅक्यूम आयडलला १८ इंचांवर आणि रेस धरल्यावर स्थिर, म्हणजे सायलेन्सर मोकळा. खालच्या होजमध्ये स्प्रिंग आहे आणि रेस केल्यावर तो चपटा होत नाही.

टायमिंगमध्ये मात्र सापडलं. व्हॅक्यूमचा पडदा खरंच फाटलेला होता. वजनं मोकळी आहेत. पडदा बदलला, ॲडव्हान्स आता मॅन्युअलप्रमाणे येतोय, गाडीला पिकअपही सुधारला. पण तापणं पूर्ण गेलं नाही, आता तेच सगळं थोडं उशिरा होतंय इतकंच. शेवटी १०० पार जातेच आणि गुडगुड तशीच.

अजून एक, स्पार्क प्लग काढले तर पहिले चार छान तांबूस आणि ५, ६ पांढरट.

काळं_ऑइल

५-६ पांढरे म्हणजे लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूचं गॅस्केट हवा खातंय. आयडलला ठेवून मागच्या जॉइंटवर कार्ब्युरेटर क्लीनरचा थोडा फवारा मारा, रेस बदलला तर तिथेच आहे. गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्ड शेजारीच आहे तेव्हा इंजिन थंड असतानाच करा आणि आग विझवायचं जवळ ठेवा.

गॅस्केट

किंवा ५ आणि ६ च्या मध्ये हेड गॅस्केट फुंकतंय. सोपी टेस्ट: थंड इंजिन, बेल्ट काढा म्हणजे पंप फिरणार नाही, थर्मोस्टॅट काढा, पाणी वरच्या नळकांड्यापर्यंत भरा, चालू करा आणि बघत राहा. गॅस जात असेल तर लगेच बुडबुडे येतात. पंप बंद आहे तेव्हा मिनिटभरात थांबवा. शिवाय ते निळं केमिकल मिळतं रेडिएटरच्या तोंडावर धरायचं, पेट्रोल इंजिनाचा गॅस लागला की पिवळं होतं.

निळी_पिकअप

फवारा मारला, काही फरक नाही. बुडबुडे नाहीत. केमिकल निळं ते निळंच राहिलं.

वाफारा

छान. म्हणजे इंजिन जादा उष्णता तयार करत होतं ते थोडं होतं आणि ते सुटलं. आता पाणी.

सलग चालवून, काटा ९५ ला पोचला की सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद न करता बॉनेट उघडून पटापट ठिपक्यांवर मोजा: वरची टाकी, खालची टाकी, हेडवर पहिल्या सिलिंडरजवळ, मधे आणि सहाव्याजवळ. फॅनपासून हात आणि ओढणी लांब ठेवा, आणि कॅप अजिबात उघडू नका.

वरच्या आणि खालच्या टाकीत काय फरक येतो त्यावरून बरंच कळेल. रस्त्यावरून नुकतीच आलेली गाडी असेल आणि फरक साधारण दहाच्या आसपास असेल तर मी रेडिएटरला दोष देणार नाही. दोन्ही टाक्या जवळजवळ सारख्याच गरम असतील तर रेडिएटर उष्णता सोडत नाहीये. आणि फरक खूप मोठा, पंचवीस-तीस असेल तर पाणी फारच सावकाश फिरतंय, म्हणजे पंप, थर्मोस्टॅट नाहीतर चोक झालेल्या नळ्या.

निळी_पिकअप

मोजलं. काटा ९६ ला असताना:

वरची टाकी ८५, खालची ७५. हेड पुढे ८७, मधे ९८, मागे सहाव्याजवळ ११६.

मला कळतच नाहीये. वरच्या टाकीत पाणी ८५ चं आणि गेज ९६ म्हणतंय, मग गेज खोटं की थर्मामीटर? गेज तर उकळत्या पाण्यात बरोबर होतं.

मंदगती

गेजचा बल्ब कुठे बसवलाय?

निळी_पिकअप

हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलच्या बाजूला. मूळचीच जागा आहे.

जुनं_लोखंड

धागा आजच बघितला. ताई, गेज पण खरं आहे आणि थर्मामीटर पण खरा आहे. तुमच्या इंजिनात दोन वेगवेगळी पाणी आहेत, पुढे थंड आणि मागे उकळतं. रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट सगळे आपापलं काम नीट करतायत, वरखाली दहा अंशाचा फरक बघा. मोठा रेडिएटर टाकला असतात तर पुढचं पाणी अजून थंड झालं असतं आणि मागे तसंच उकळत राहिलं असतं.

आता मला सांगा, ब्लॉकच्या आत वॉटर डिस्ट्रिब्युशनची नळी आहे का, आणि असेल तर ती बदलली का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. लांब सहा सिलिंडरच्या साइड व्हॉल्व्ह इंजिनात पंप पुढच्या टोकाला असतो आणि थर्मोस्टॅट पण पुढच्याच टोकाला, हेडवर. पाण्याला मोकळं सोडलं तर ते सोपा रस्ता धरणार, पंपातून निघालं की पुढच्याच भोकांतून वर हेडमध्ये आणि तिथून थेट रेडिएटरला, मागच्या सिलिंडरपर्यंत जायची तसदी घेणार नाही. म्हणून क्रायस्लर कुटुंबातल्या, म्हणजे प्लिमथ, डॉज, डिसोटो यांच्या फ्लॅटहेड सिक्समध्ये आणि तशा इतरही काही इंजिनांत, पंपाच्या मागून ब्लॉकच्या आत अगदी शेवटपर्यंत जाणारी एक पत्र्याची चपटी नळी घातलेली असते. तिला बासरीसारखी भोकं असतात आणि प्रत्येक भोक एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटच्या दिशेने. रेडिएटरमधून आलेलं सगळ्यात थंड पाणी आधी त्या सीटवर पडतं, कारण साइड व्हॉल्व्ह इंजिनात सगळ्यात तापणारी जागा तीच.

ही नळी साध्या पत्र्याची असते. साध्या पाण्यावर चालवलेल्या गाडीत ती गंजून गळते, मागचा अर्धा भाग तुटून जातो, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. उभ्या गाडीत उष्णता इतकी कमी की मागचं साचलेलं पाणी पण कसंबसं सांभाळून नेतं. लोड आला की मागे वाफ होते, वाफ पाण्याला ढकलते, ओव्हरफ्लोमधून बाहेर. तुमची गुडगुड तीच आहे. आणि ५-६ चे प्लग पांढरे दिसले ते लीन मिक्श्चरमुळे नाही, ते दोन सिलिंडर भाजतायत.

ब्लॉक केमिकलच्या टाकीत घातला होता म्हणालात, पण नळी आत ठेवूनच घातला असेल तर तिच्या आजूबाजूचा आणि खालचा गाळ निघत नाही. मशीन शॉपला हे इंजिन माहीत नसेल तर त्यांना नळी आहे हेच कळत नाही, ती भिंतीचाच भाग वाटते.

वाफारा

जुनं_लोखंड, दंडवत. वाचनखूण साठवली.

निळी_पिकअप

मॅन्युअलमध्ये आहे! चित्र आहे, नळीला वेगळा पार्ट नंबर पण आहे. मशीन शॉपच्या बिलात कुठेच उल्लेख नाही. काढायची कशी? इंजिन परत बाहेर काढावं लागेल का?

जुनं_लोखंड

इंजिन नाही काढावं लागणार. रेडिएटर आणि ग्रिल बाजूला घ्या, नळी जेवढी ब्लॉकची लांबी तेवढी, तिला समोर सरळ बाहेर यायला जागा लागते. पंप काढला की मागे नळीचं तोंड दिसेल.

ओढायच्या आधी चांगलं गंज सोडवणारं ऑइल मारून रात्रभर सोडा. मग लांब सळईच्या टोकाला आकडा करून तो शक्य तितका आत, एखाद्या भोकात अडकवा आणि स्लाइड हॅमरने छोटे छोटे ठोके. तोंडाला पकड लावून पिळू नका, तोंड फाटतं आणि मग धरायला काही राहत नाही. हलत नसेल तर नळी आणि ब्लॉक यांच्यात पातळ पट्टी सरकवून गाळ मोकळा करा, पाण्याचा फवारा मारा, पुन्हा ओढा. तुकडे झाले तर घाबरू नका, पण प्रत्येक तुकडा बाहेर आला पाहिजे, जमिनीवर जुळवून बघा.

आणि हे करताच आहात तर बाजूचे वेल्श प्लग पण काढा, म्हणजे ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेल्या त्या गोल पत्र्याच्या टोप्या. मागच्या दोन टोप्यांच्या आत काय आहे त्याचा फोटो टाका.

दहा_बाराचा_पाना

वेल्श प्लग काढताना मध्ये पंच मारून पूर्ण आत ढकलू नका, मागेच सिलिंडरची भिंत आहे आणि तुमचं बोअर वाढवलेलं आहे, भिंत आधीच पातळ. एका कडेला हलकं ठोका म्हणजे प्लग आडवा फिरतो, मग पकडीने ओढून काढा.

निळी_पिकअप

फोटो अपलोड होत नाहीयेत, शब्दांत सांगते.

नळीचा पुढचा भाग साधारण तिसऱ्या सिलिंडरपर्यंत अखंड निघाला. त्यापुढे काहीच नव्हतं. चाळणीसारखे दोन-तीन तुकडे आणि बाकी सगळा लाल चिखल. मागच्या वेल्श प्लगमधून स्क्रू ड्रायव्हर घातला तर आत पाण्याची जागा तळापासून अर्ध्यापर्यंत गच्च भरलेली, आणि चिखल म्हणतेय पण वाळलेल्या सिमेंटसारखं कडक, खरवडून काढावं लागतंय. पुढच्या तीन सिलिंडरच्या भोवती मात्र स्वच्छ लोखंड दिसतंय, तिथे केमिकल पोचलेलं आहे.

इतके पार्ट बदलून झाल्यावर शेवटी कारण डोळ्यांनी दिसलं याचा आनंद किती आहे ते सांगता येत नाही.

मंदगती

वा! हे वाचून मलाच बरं वाटलं. आता घाई न करता पूर्ण साफ करा. वाकवलेली जाड वायर, जुन्या स्पीडोमीटरच्या केबलचा तुकडा ड्रिलला लावून, आणि मधे मधे पाणी आणि हवा मागून पुढे, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने. जे खरवडून निघत नाही त्याला सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात, पण फक्त ब्लॉकला. रेडिएटर जोडलेला नको, नाहीतर सुटलेला सगळा गाळ तुम्ही नुकत्याच साफ केलेल्या नळ्यांमध्ये जाऊन बसेल. नंतर खायच्या सोड्याचं पाणी, मग भरपूर साधं पाणी, आणि उघडं लोखंड तसंच ठेवू नका, लगेच पुन्हा गंजतं.

काळं_ऑइल

एक शंका, नवी नळी मिळाली नाही तर न घालता चालेल का? सगळा गाळ काढलाच आहे.

जुनं_लोखंड

नाही चालणार. गाळ हा परिणाम आहे, पाणी मागे फिरत नव्हतं म्हणून तिथे साचत गेला. नळीशिवाय पुन्हा तेच होईल, आणि उन्हात लोड घेऊन चढ चढताना एक्झॉस्ट सीटला तडा जाईल. नळी नवी मिळते, स्टेनलेसमध्ये किंवा पितळेत पण बनवतात. बसवताना भोकं व्हॉल्व्ह सीटकडे हवीत, उलटी बसली तर नसल्यासारखीच. तोंड ब्लॉकच्या समोरच्या पातळीत आहे ना बघा, पुढे राहिली तर पंपाचं गॅस्केट नीट बसत नाही.

काळं_ऑइल, तुमच्या थर्मोस्टॅट नसलेल्या गाड्यांमध्येही एकदा मागचं टोक मोजून बघा असं सुचवेन, हे मनापासून म्हणतोय. इंजिन सतत थंड चाललं तर ऑइलमध्ये पाणी आणि कच्चं पेट्रोल राहतं आणि सिलिंडर लवकर झिजतात.

काळं_ऑइल

मोजतो. आमच्याकडे एक सहा सिलिंडर आहेच असं.

गॅस्केट

निळी_पिकअप, मागचे सिलिंडर ११६ पर्यंत गेलेत, तेव्हा बंद करायच्या आधी हेड काढून स्ट्रेट एज लावा. लांब हेड आहे, मागे वाकलेलं असू शकतं. आणि सहाव्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीट बघा.

निळी_पिकअप

बऱ्याच दिवसांनी आले, नळी यायला वेळ लागला.

हेड काढलं. मागच्या बाजूला किंचित उठलेलं होतं, मॅन्युअलच्या मर्यादेच्या आतच पण फेसिंग करून घेतलं. पाचव्या-सहाव्याचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नव्हते, काढून लॅपिंग (पेस्ट लावून सीटवर घासणं) केलं. सीटला तडा नाही, नशीब. स्टेनलेसची नळी बसवली, वेल्श प्लग सगळे नवे पितळी, थर्मोस्टॅट तोच, रेडिएटर तोच, कॅप तीच. हेड मॅन्युअलच्या क्रमाने, मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने टॉर्क केलं.

काल त्याच रस्त्यावर, त्याच स्पीडला, तो चढही धरून: वरची टाकी ८०, खालची ७१, हेड पुढे ८२, मधे ८३, मागे ८६. काटा ७९ वर गेला आणि तिथेच थांबला.

बंद केल्यावर मात्र काटा थोडा चढतो, ८७ पर्यंत, आणि मग उतरतो. गुडगुड नाही. हे ठीक आहे का?

वाफारा

एकदम ठीक. पंप थांबला की लोखंडातली उष्णता पाण्यात येते, सगळ्याच इंजिनात होतं. चढ चढून आल्यावर लगेच बंद न करता एखादं मिनिट आयडलला ठेवा म्हणजे तेवढंही चढणार नाही.

अभिनंदन ताई, मधे ८३ आणि मागे ८६ हे आकडे बघून फार छान वाटलं.

दहा_बाराचा_पाना

अभिनंदन! आता आत काय भरलंय? नळाचं पाणी असेल तर आजच काढा. डिस्टिल्ड पाणी आणि गंज रोखणारा ॲडिटिव्ह, किंवा थंडीत गोठायची भीती असेल तर ग्लायकॉलवालं कुलंट. ग्लायकॉल गरजेपेक्षा जास्त टाकू नका, पाण्यापेक्षा ते उष्णता कमी वाहून नेतं. आणि जुन्या इंजिनाला कुलंट घेताना तांबं, पितळ आणि रांग्याच्या सोल्डरला चालतं असं लिहिलेलंच घ्या, सगळी नवी कुलंटं चालत नाहीत.

निळी_पिकअप

डिस्टिल्ड आणि ॲडिटिव्हच भरलंय, इथे गोठायची भीती नाही. हेड पहिल्या गरम-थंड फेरीनंतर पुन्हा टॉर्क केलं, मागचे दोन बोल्ट थोडे फिरले. टॅपेट (व्हॉल्व्हला ढकलणारे भाग, त्यांच्यात आणि व्हॉल्व्हमध्ये थोडी फट लागते) गरम इंजिनावर सेट करायचे राहिलेत, सहाव्याचा थोडा आवाज येतोय.

जुनं_लोखंड

लॅपिंग केलंय म्हणजे व्हॉल्व्ह सीटमध्ये थोडा खाली बसला, क्लिअरन्स कमी होणार. आवाज येणारा टॅपेट तेवढा त्रास देत नाही, आवाज न येणाराच व्हॉल्व्ह जाळतो. तेव्हा पाचव्याचा आधी बघा, तो गप्प असेल तर.

निळी_पिकअप

पाचवा गप्पच आहे. उद्या सकाळी फिरवून आणून गरम असतानाच दोन्ही बघते.